दोन्ही बाजूंच्या कात्रीत सापडलेला आल्काल्दे: टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातले तेहानो गावकारभारी

टेक्सास १८३६ साली मेक्सिकोपासून वेगळा झाला. या लढ्याची गोष्ट बहुतेक वेळा अमेरिकेतून आलेले गोरे वसाहतदार विरुद्ध मेक्सिकोची फौज अशी सांगितली जाते. त्यात तेहानो माणूस जवळजवळ दिसतच नाही. तेहानो म्हणजे टेक्सासमध्ये राहणारे, स्पॅनिश बोलणारे मेक्सिकन रहिवासी. सॅन अँटोनियो, गोलियाड, व्हिक्टोरिया ही त्यांची गावं. लढाया याच गावांत झाल्या, मका आणि जनावरं इथूनच उचलली गेली. गावचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे आल्काल्देच्या दारात दोन्ही बाजूंचे हुकूम येऊन पडत होते.

या अधिकाऱ्यांपैकी कोण कुठल्या बाजूला होता, असं विचारलं जातं. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण लढ्याचा उद्देशच मध्यावर बदलला. १८३५ च्या ऑक्टोबरात ज्यासाठी शस्त्र उचललं, ते १८३६ च्या मार्चमध्ये लढ्यातून गायब झालं होतं. ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही तर पुढची माणसं उगीचच फितूर किंवा घाबरट वाटू लागतात.

आल्काल्देचं काम

मेक्सिकोत तेव्हा कोआविला आणि तेहास असं एकच जोडराज्य होतं. राजधानी साल्तिल्यो, सॅन अँटोनियोपासून पाचशे किलोमीटरहून लांब. १८३३ साली ती मोंक्लोव्याला हलली, तरी अंतर मोठंच राहिलं. त्यामुळे रोजचा राज्यकारभार गावच्या पंचमंडळापाशीच होता. त्याला आयुन्तामिएन्तो म्हणत. त्यात आल्काल्दे हा प्रमुख, मग रेहिदोर म्हणजे सदस्य, गावाच्या वतीने बोलणारा आणि हिशोबावर नजर ठेवणारा सिंदिको, आणि एक चिटणीस. निवडणूक डिसेंबरात व्हायची, कारभार १ जानेवारीला हाती यायचा, आल्काल्देची मुदत एक वर्षाची. पगार नाही. निवडून आल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देण्याचीही सोय नव्हती. साहजिकच हे पद अशाच माणसाकडे जायचं, ज्याला लिहिता-वाचता येतं आणि ज्याचं रान-जनावर वर्षभर दुसरं कुणी सांभाळू शकतं.

आपल्याकडचा पाटील, तालुक्याचा न्यायाधीश आणि नगराध्यक्ष एकाच खुर्चीत बसवले तर आल्काल्दे होईल. दोन शेजाऱ्यांत पैशावरून किंवा बांधावरून वाद झाला तर आधी समेटाचा प्रयत्न करणं कायद्याने बंधनकारक होतं. दोन्ही पक्ष आपापला एकेक भला माणूस निवडत. आल्काल्दे त्या दोघांना बरोबर घेऊन दोन्ही बाजू ऐकायचा आणि तोडगा सुचवायचा. पटला तर वहीत नोंद करून सह्या व्हायच्या आणि वाद मिटायचा. पटला नाही तर समेट फसल्याचा दाखला घेऊनच पुढे जाता यायचं. गंभीर फौजदारी प्रकरणात कायदेशीर सल्लागाराचं मत मागवावं लागे आणि तो सल्लागार राजधानीत. कागद जाऊन यायला महिने लागत, आरोपी तोवर कोठडीत आणि कोठडीचा खर्च गावावर.

याशिवाय पाटाचं पाणी. सॅन अँटोनियोची शेती स्पॅनिश काळात खोदलेल्या पाटांवर उभी होती. पाण्याच्या पाळ्या वाटून दिलेल्या होत्या आणि पाट साफ करण्याची जबाबदारी पाणी घेणाऱ्यांवर होती. एकाने साफसफाई टाळली की गाळ खालच्या शेतकऱ्याला भोवायचा आणि तक्रार आल्काल्देकडे. जनावरांवर मारायच्या डागाची नोंद पंचमंडळाकडेच. घोडा कुणाचा, गाय कुणाची, हे त्या वहीवरून ठरायचं. वजनमापं, शाळा, लोकसंख्येची यादी आणि नागरी पलटणीची नावनिशी, सगळं त्याच्याच कचेरीत.

ही यादी मुद्दाम दिली आहे. युद्ध पेटल्यावर फौजेला काय लागतं? माणसांची नावं, घोडे, मका, बैलगाड्या आणि वाटा माहीत असणारा कुणीतरी. हे सगळं आल्काल्देच्या वह्यांत आधीच लिहिलेलं होतं. त्याला तटस्थ राहू द्यायला म्हणूनच कुणी तयार नव्हतं.

भांडण कशावरून होतं

१८२४ च्या राज्यघटनेने मेक्सिको संघराज्य झाला आणि राज्यांना मोठे अधिकार मिळाले. ती घटना करणाऱ्या सभेत टेक्सासचा प्रतिनिधी होता एरास्मो सेगीन, सॅन अँटोनियोचा जुना आल्काल्दे. तेहानो पुढाऱ्यांना ही घटना आपली वाटायची, कारण तिच्यामुळे दूरच्या मेक्सिको शहरापेक्षा आपल्या पंचमंडळाचं चालत होतं. मात्र जोडराज्याच्या विधानसभेत कोआविलाचं बहुमत असल्याने त्यांची कुचंबणा व्हायची. १९ डिसेंबर १८३२ रोजी सॅन अँटोनियोच्या पंचमंडळाने राज्य सरकारला लांबलचक तक्रारअर्ज पाठवला. आदिवासी टोळ्यांच्या हल्ल्यांपासून संरक्षण नाही, शिपायांना पगार नाही, न्यायाची सोय नाही, आणि ६ एप्रिल १८३० च्या कायद्याने अमेरिकेतून येणाऱ्या वसाहतदारांना बंदी घातल्यामुळे प्रांताची वाढ खुंटली आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. गोऱ्या वसाहतदारांची बाजू इथे तेहानो पंचमंडळ मांडत होतं. वसाहतदार आले की जमिनीला भाव येतो, व्यापार वाढतो, हा त्यांचा हिशोब.

या हिशोबात एक काळी नोंदही होती, ती झाकून चालणार नाही. वसाहतदार कापूस पिकवायचे, आणि तो गुलामांच्या श्रमावर. १८२९ साली राष्ट्राध्यक्ष गेरेरो यांनी गुलामगिरी रद्द केल्याचा हुकूम काढला, तेव्हा सॅन अँटोनियोचा जिल्हाप्रमुख रामोन मुस्किस याने तो जाहीर करणं लांबवलं आणि टेक्सासला सूट मिळवून दिली. तेहानो पुढाऱ्यांनी वसाहतदारांशी केलेल्या मैत्रीची किंमत गुलाम केलेल्या माणसांनी मोजली.

१८३४ पासून मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष सांता आना याने संघराज्य मोडायला सुरुवात केली. ३१ मार्च १८३५ च्या कायद्याने नागरी पलटण पाचशे रहिवाशांमागे एक माणूस इतकी कापली. हल्ल्यांच्या प्रदेशातल्या गावाला याचा अर्थ होता निःशस्त्र होणं. झाकातेकास राज्याने हे मानलं नाही, तर मे १८३५ मध्ये फौज घालून ते चिरडण्यात आलं. ३ ऑक्टोबरला राज्यांच्या विधानसभाच गेल्या. आता पंचमंडळाने हुकूम कुणाचा मानायचा? ज्या राज्याच्या कायद्याने आपण निवडून आलो, ते राज्यच उरलेलं नव्हतं.

कागदाला कागदाने उत्तर

अशा वेळी गावकारभाऱ्याच्या हाती पहिलं हत्यार होतं ते वेळकाढूपणाचं. गोन्झालेस गावचा प्रसंग बघण्यासारखा आहे, जरी तिथला आल्काल्दे अँड्र्यू पाँटन हा तेहानो नसून वसाहतदार होता. १८३१ साली सरकारने गावाला संरक्षणासाठी एक तोफ दिली होती. सप्टेंबर १८३५ मध्ये सॅन अँटोनियोच्या लष्करी अधिकाऱ्याने ती परत मागितली. पाँटनने नाही म्हटलं नाही. जिल्हाप्रमुखाची आज्ञा आल्याशिवाय तोफ देण्याचा मला अधिकार नाही, असं त्याने कळवलं. मग शंभरेक घोडेस्वार आले, तर नदीच्या पलीकडून त्यांना उत्तर मिळालं की आल्काल्दे गावात नाहीत. होड्या आधीच या काठाला आणून ठेवल्या होत्या. सुरुवातीला अलीकडे जेमतेम अठरा माणसं होती. दोन-तीन दिवसांत आसपासच्या वस्त्यांतून शंभराहून जास्त जमली आणि २ ऑक्टोबरला युद्धाची पहिली चकमक झाली.

ही युक्ती एकदाच चालते. फौज गावातच येऊन बसली की आल्काल्देला बाहेरगावी जाता येत नाही. गोलियाडमध्ये हेच झालं. १० ऑक्टोबरला बंडखोरांनी तिथला किल्ला घेतला आणि पुढे फिलिप डिमिट तिथला प्रमुख झाला. त्याने रहिवाशांकडून धान्य, जनावरं आणि श्रम सक्तीने वसूल केले. गावातली कुटुंबं कंटाळून रानातल्या वाड्यांवर निघून गेली. नोव्हेंबरात राज्याचा पदच्युत गव्हर्नर आगुस्तीन व्हिएस्का तिथे पोचला, तर डिमिटने त्याला गव्हर्नर मानायलाही नकार दिला. संघराज्यासाठी लढतो म्हणणारे लोक संघराज्याच्याच गव्हर्नरला ओळखत नाहीत, हे तेहानोंना त्या दिवशी दिसलं. नेमकं इथेच तेहानो पाठिंब्याला पहिला मोठा तडा गेला, असं आमचं मत आहे.

उचललेल्या मालाचे पैसे लगेच मिळत नव्हते, कारण बंडखोर सरकारच्या तिजोरीत काही नव्हतं. मिळायची ती पावती. नंतर दावा करायचा तर पावती किंवा साक्षीदार दाखवावा लागे. रात्री कुणी चार बैल हाकून नेले आणि नाव न सांगता गेला, तर दावा कशावर करणार?

प्लासिदो बेनाविदेस

व्हिक्टोरिया हे गाव मार्तीन दे लेओन याने १८२४ साली वसवलं. टेक्सासमधली ही प्रामुख्याने मेक्सिकन कुटुंबांची वसाहत. प्लासिदो बेनाविदेस मूळचा रेनोसाचा. १८२८ साली तो इथे आला तो मार्तीनचा मुलगा फेर्नांदो याचा चिटणीस म्हणून. फेर्नांदो जमीनवाटपाचा अधिकारी होता. एक सिटिओ म्हणजे ४,४२८ एकर चराऊ रान, एक लाबोर म्हणजे १७७ एकर शेतजमीन. गुरं पाळणाऱ्या आणि शेतीही करणाऱ्या कुटुंबाला दोन्ही मिळत. कुणाची हद्द कुठल्या ओढ्यापर्यंत, हे बेनाविदेसला पाठ असणार. पुढे मार्तीनची मुलगी आगुस्तिना हिच्याशी त्याचं लग्न झालं आणि १८३२ व १८३४ साली तो गावचा आल्काल्दे झाला. हल्ला झाला तर आसरा घेता यावा म्हणून त्याने गावात एक गोल, भक्कम घर बांधलं होतं.

ऑक्टोबर १८३५ मध्ये त्याने सुमारे ३० तेहानो घोडेस्वार जमवले. गोलियाड घेण्यात ते होते, तिथून सॅन अँटोनियोच्या वेढ्यातही गेले. डिसेंबरात घराघरांतून लढत शहर घेतलं, त्यातही बेनाविदेस होता. हे सगळं १८२४ च्या घटनेसाठी. ही त्याची एकट्याची समजूत नव्हती. वसाहतदारांच्या प्रतिनिधी सभेनेही ७ नोव्हेंबर १८३५ च्या जाहीरनाम्यात लढा त्याच घटनेच्या बाजूने असल्याचं लिहून दिलं होतं.

हिवाळ्यात काही बंडखोरांनी दक्षिणेकडच्या मातामोरोस या मेक्सिकन शहरावर चाल करायची ठरवली. ही मोहीम फसली. नेते आपसांत भांडत होते, फौज तुकड्यांत विखुरली होती, आणि जेम्स ग्रँटची तुकडी घोडे गोळा करत दक्षिणेत फिरत होती. बेनाविदेस तिच्याबरोबर होता. २ मार्च १८३६ रोजी आग्वा दुल्से ओढ्यापाशी मेक्सिकन जनरल उर्रेआच्या घोडेस्वारांनी दबा धरून त्यांना गाठलं. ग्रँटने बेनाविदेसला सांगितलं, तू निघ, गोलियाडला जाऊन तिथला बंडखोर सेनाधिकारी फॅनिन याला सावध कर. तो निसटला आणि खबर पोचवली. ग्रँट मारला गेला.

त्याच २ मार्चला, उत्तरेला ब्राझोस नदीवरच्या वॉशिंग्टन गावी, प्रतिनिधी सभेने टेक्सास स्वतंत्र झाल्याची घोषणा केली. म्हणजे बेनाविदेस ज्या घटनेसाठी जीव मुठीत धरून घोडा पळवत होता, ती घटना त्याच दिवशी लढ्यातून बाद झाली होती. हे कळल्यावर तो लढ्यातून बाजूला झाला आणि घरी गेला. सांता आनाच्या फौजेतही तो गेला नाही. मेक्सिकोपासून फुटणं त्याला मान्य नव्हतं आणि सांता आनाची हुकूमशाहीही मान्य नव्हती. आम्हाला यात कुठे विसंगती दिसत नाही. ऑक्टोबरात जे म्हटलं तेच तो मार्चमध्ये म्हणत होता.

स्वातंत्र्याच्या बाजूने सही करणारे तेहानोही होते. सॅन अँटोनियोचे होसे फ्रान्सिस्को रुईस आणि त्यांचा भाचा होसे आन्तोनियो नावारो यांच्या सह्या त्या घोषणापत्रावर आहेत.

६ मार्च, सॅन अँटोनियो

त्या सही करणाऱ्या रुईसचा मुलगा फ्रान्सिस्को आन्तोनियो रुईस त्या वर्षी सॅन अँटोनियोचा आल्काल्दे होता. बाप बंडखोरांच्या सभेत, मुलगा सांता आनाने परत घेतलेल्या शहरात. ६ मार्चच्या पहाटे अलामोवर, म्हणजे बंडखोर ज्यात अडून बसले होते त्या शहरालगतच्या किल्ल्यावर, हल्ला सुरू झाला, तेव्हा जिल्हाप्रमुख मुस्किस आणि धर्मगुरू रेफुहियो दे ला गार्सा यांच्यासोबत तो जखमींच्या सोयीसाठी थांबला होता. अलामो पडल्यावर सांता आनाने त्याला आत बोलावलं. काम होतं ट्रॅव्हिस, बोई आणि क्रॉकेट या अलामोतल्या नामांकित रक्षकांची प्रेतं ओळखून दाखवण्याचं. गावातल्या लोकांना ओळखणारा अधिकारी म्हणून.

दुसरं काम विल्हेवाटीचं. मेक्सिकन शिपायांना दफनभूमीत न्यायचं होतं, पण तिथे जागा पुरली नाही, म्हणून काही प्रेतं नदीत सोडावी लागली, असं रुईसने नंतर लिहून ठेवलं. अलामोच्या रक्षकांना दफन नाकारलं होतं. रुईसबरोबर घोडेस्वार देऊन आसपासच्या रानातून लाकडं आणि सुक्या फांद्या आणवल्या. दुपारी तीनच्या सुमारास लाकडांचा एक थर, त्यावर प्रेतांचा थर, पुन्हा लाकडं, अशी रचना सुरू झाली. मधे मधे चुरचुरीत पेटणारं सरपण पेरलं. पाचच्या सुमारास आग लावली. जाळलेल्यांचा त्याने दिलेला आकडा १८२. ग्रेगोरियो एस्पार्सा या तेहानो रक्षकाचं प्रेत तेवढं वाचलं. त्याचा भाऊ मेक्सिकन फौजेच्या बाजूला होता, त्याने परवानगी मागून रीतसर दफन केलं.

कॅथलिक गावात प्रेत जाळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आणि ते करून घेतलं गेलं गावच्याच आल्काल्देच्या हातून.

जमीन कशी गेली

२१ एप्रिलला सॅन हासिंतो इथे सांता आनाचा पराभव झाला. तेहानोंची एक तुकडी तिथे टेक्सासच्या बाजूने लढली. मेक्सिकन समजून आपल्याच लोकांनी मारू नये म्हणून त्यांनी टोपीत पुठ्ठ्याचे तुकडे खोचले होते. तुकडीचा कप्तान हुआन सेगीन, एरास्मोचा मुलगा, १८३४ चा आल्काल्दे.

नव्या प्रजासत्ताकाच्या घटनेत नागरिकत्वाबद्दल एक कलम होतं. स्वातंत्र्याच्या घोषणेच्या दिवशी टेक्सासात राहणारे सगळे नागरिक, मात्र आफ्रिकी वंशाचे लोक आणि आदिवासी वगळून. कुटुंबप्रमुखाला एक सिटिओ आणि एक लाबोर जमिनीचा हक्क. पण जो युद्ध टाळायला देश सोडून गेला, ज्याने भाग घ्यायला नकार दिला किंवा शत्रूला मदत केली, त्याचं नागरिकत्वही जाईल आणि जमीनही.

आता हे बेनाविदेसला लावून पाहा. आधी लढला, मग घरी बसला. ‘भाग घ्यायला नकार’ म्हणायचं तर म्हणता येतं. जून १८३६ मध्ये मेक्सिकन फौज परत येईल या भीतीने टेक्सासच्या फौजेचा जनरल रस्क याने व्हिक्टोरियातली तेहानो कुटुंबं हलवायचा हुकूम दिला. दे लेओन आणि बेनाविदेस घराण्यांना जहाजाने न्यू ऑर्लिन्सला जावं लागलं. हुकुमाने पाठवलेला माणूस आणि पळून गेलेला माणूस, जमिनीवर दोघंही गैरहजरच. रिकाम्या वाड्यांवर नवे लोक येऊन बसले, गुरं हाकून नेली. बेनाविदेस १८३७ साली लुइझियानातल्या ओपेलुसास इथे वारला. फेर्नांदो दे लेओन १८४० च्या दशकात परतला आणि जमिनीसाठी कोर्टकचेऱ्या करत राहिला.

गोलियाडजवळचा कार्लोस दे ला गार्सा मात्र आपली माणसं घेऊन उघडपणे उर्रेआच्या बाजूने लढला होता. मार्चमध्ये उर्रेआच्या फौजेने पकडलेल्या बंडखोरांपैकी काही शेजाऱ्यांचे जीव त्याने वाचवले होते. युद्धानंतर तो आपल्या रानावरच राहिला, कारण आयरिश शेजारी त्याला मानत होते. कलम काय म्हणतं यापेक्षा शेजारी काय म्हणतात, यावर खूप काही ठरत होतं.

हुआन सेगीनची दुसरी फेरी

सेगीनकडे पाहिलं तर जिंकलेल्या बाजूच्या अधिकाऱ्याचंही काय झालं ते कळतं. जून १८३६ मध्ये सॅन अँटोनियो मेक्सिकन फौजेकडून ताब्यात घेणारा तोच. १८३७ च्या सुरुवातीला जनरल ह्यूस्टन (फेलिक्स, राष्ट्राध्यक्ष सॅम ह्यूस्टन नव्हे) याने शहर उद्ध्वस्त करून रहिवाशांना पूर्वेला हलवण्याचा हुकूम काढला, तो सेगीनने राष्ट्राध्यक्षांकडे तक्रार करून रद्द करवला. त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला अलामोच्या रक्षकांची राख लष्करी मानाने पुरण्याचं कामही त्याने केलं. मग तो सिनेटर झाला. तिथे त्याला दुभाषा लागायचा, आणि कायदे स्पॅनिशमध्येही छापावेत यासाठी तो झटला. ही मागणी साधी वाटते, पण जो कायदा वाचता येत नाही त्याच्याखाली सातबाऱ्यासारखा कागद कसा टिकवणार?

१८४१ मध्ये तो सॅन अँटोनियोचा नगराध्यक्ष होता. आता जुनं काम नव्या रूपात आलं. शहराच्या जागांवर, घरांवर नवे गोरे लोक बेकायदा बसले होते आणि तेहानो रहिवासी तक्रार घेऊन त्याच्याकडे यायचे. त्याने कारवाई केली की एक शत्रू वाढायचा. मार्च १८४२ मध्ये मेक्सिकन जनरल व्हास्केस शहरावर चालून आला, दोन दिवस राहून निघून गेला आणि जाताना सेगीन आपलाच माणूस आहे असं पसरवून गेला. सेगीनच्या शत्रूंना तेवढंच हवं होतं. १८ एप्रिल १८४२ ला त्याने राजीनामा दिला आणि जीव वाचवायला मेक्सिकोत गेला. तिथे त्याला अटक झाली आणि तुरुंग की फौज, असं विचारण्यात आलं. सप्टेंबरात जनरल वोलच्या स्वारीत तो सॅन अँटोनियोवर मेक्सिकन फौजेतून आला. इतकं झाल्यावर फितुरीचा शिक्का पुसणं अशक्यच होतं. आपण आपल्याच जन्मभूमीत परके झालो, असं त्याने १८५८ साली छापलेल्या आठवणींत लिहिलं.

तरीही १८४८ नंतर तो परत आला, आणि १८५० च्या दशकात त्याच जिल्ह्यात तंटे सोडवणारा स्थानिक दंडाधिकारी म्हणून पुन्हा निवडून आला. सॅन अँटोनियोच्या नगराध्यक्षपदावर मात्र त्याच्यानंतर मेक्सिकन वंशाचा माणूस बसायला १९८१ साल उजाडलं. तो होता हेन्री सिस्नेरोस.